पुनर्विकासासाठी आईचं घर रिकामं करतेय... काय ठेवू, काय काढू?

पारिजातक_ठाणे | ४ मे, रात्री ११:४०

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सल्ला हवा आहे, आणि थोडं मनही मोकळं करायचं आहे.

आईचं घर डोंबिवली पूर्वेला. १९८३ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुनर्विकासाचं आठ वर्षं नुसतं चाललं होतं. सभा, भांडणं, ७९-अ (पुनर्विकासाची सरकारी नियमावली), पुन्हा सभा. आणि आता एकदम सगळं जुळून आलं. १५ जूनच्या आत घर मोकळं करून किल्ली द्यायची आहे. नवीन इमारत होईपर्यंत आई (वय ७७) माझ्याकडे ठाण्याला राहील. म्हणजे तिच्या ४८० चौरस फुटांतलं सगळं माझ्या एका खोलीत बसवायचं, आणि ती खोली सध्या लेकीची आहे.

बाबा २०२१मध्ये गेले. रेल्वेत, माटुंगा वर्कशॉपला फिटर होते. कुठलीही वस्तू मोडीत काढणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. "लागेल कधीतरी." आई शाळेत शिक्षिका, तिला कागद टाकवत नाही. दोघांनी मिळून चाळीस वर्षांत काय केलं असेल त्याची कल्पना करा.

काल माळा उघडला. तीन ट्रंका, तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, सहा गाद्या, दोन मेलेले रेडिओ, १९९१पासूनची विजेची बिलं वर्षवार सुतळीने बांधलेली. पाटा-वरवंटा गॅलरीत आहे, तो कुणी उचलून वर आणला होता देव जाणे. श्रीखंडाचे रिकामे डबे ६४, झाकणं ७१. सात झाकणं जास्त कशी, हे आईलाही सांगता आलं नाही.

धाकटा भाऊ अमेरिकेत. त्याचं म्हणणं, "सगळ्याचे फोटो काढून पाठव, मग ठरवू." नवरा म्हणतो एक टेम्पो बोलाव आणि विषय संपव. आई काहीच म्हणत नाही. मी एखादी वस्तू "काढायची" म्हणून दाराशी ठेवते, आंघोळीला जाऊन येते, तर ती वस्तू पुन्हा जागेवर.

कुणी या सगळ्यातून गेलंय का?

खडूस_काका | ५ मे, सकाळी ७:१०

तुमचा नवरा बरोबर सांगतोय. टेम्पो बोलवा. वस्तू गेल्या की आठ दिवसांत विसरायला होतं. आपण गेलो की आपल्यालाही आठ दिवसांतच विसरतात. हलके घ्या.

चिंचगुळ | ५ मे, सकाळी १०:३०

काका, सकाळी सकाळी काय हे!

पारिजातक, मी पुण्यात सासूबाईंचा वाडा रिकामा केलाय, नऊ खोल्या, त्यामुळे बोलायचा हक्क आहे मला. काही गोष्टी अनुभवाने सांगते.

सुरुवात माळ्यापासून अजिबात करू नको. माळ्यावर सगळ्यात अवघड वस्तू असतात, तिथे पहिल्याच दिवशी दमछाक होते. बाथरूमचं कपाट, औषधांचा डबा, चपलांचा रॅक, असं काहीतरी घे जिथे कुणाचा जीव अडकलेला नाही. मुदत संपलेल्या कफ सिरपवर कुणी रडत नाही. हात बसतो, आणि दोन पिशव्या खाली गेल्या की घर जरा श्वास घेतं.

एका दिवशी एकच कप्पा. पसरलेलं त्याच दिवशी उचलायचं. मी पहिल्या आठवड्यात नऊच्या नऊ खोल्या एकदम पसरल्या होत्या आणि मग दहा दिवस आम्ही अंगणात जेवलो.

आणि फोटो काढ, भाऊ सांगतो म्हणून नाही, स्वतःसाठी. पण एक लक्षात ठेव, अल्बम, पत्रं, फोटो या दिवसांत उघडायचे नाहीत. ट्रंकेत तसेच घालून न्यायचे. एक अल्बम उघडला की दुपार गेली.

कपडे धुऊन, इस्त्री नाही पण घड्या घालून दे. गूंजसारख्या संस्था घेतात, मात्र फाटकं विटकं दान म्हणून देऊ नये. पुण्यात असतीस तर जुन्या वस्तूंसाठी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेतल्या बायकांना सांगता आलं असतं. डोंबिवलीचं इथले डोंबिवलीकर सांगतील.

सीमोल्लंघन | ५ मे, रात्री ८:५५

मी त्या "अमेरिकेतल्या भावाच्या" जागी आहे, म्हणून लिहिते.

आमचं सांगलीचं घर दोन वर्षांपूर्वी विकलं. दादाने आवरलं. मला रोज फोटो यायचे आणि मी रोज लिहायचे, "हे ठेव", "अरे हे टाकू नको", "आईचा पाट ठेव". दादा एक दिवस फोनवर म्हणाला, "ठेवतो. पण कुठे ठेवू ते सांग. तुझ्याकडे पाठवू?" मी गप्प. विमानात तेवीस किलोच्या दोन बॅगा. त्यातल्या एकीत मसाले आणि पापड असतात, खोटं कशाला बोलू.

शेवटी त्याने एकही न विचारता सगळं काढलं. माझा राग अजून गेलेला नाही. पण तो चुकला असंही मला म्हणता येत नाही. दूर बसून "ठेव" म्हणायला पैसे पडत नाहीत.

भावाला एक आकडा दे. तीन वस्तू किंवा पाच. त्यापलीकडे मत द्यायचं नाही. मला कुणी तसं दिलं असतं तर मी नीट विचार केला असता.

गिरणगावचा | ६ मे, दुपारी १:१५

आमचा बीडीडी चाळीतला जन्म. १६० चौरस फुटांत सात माणसं. पसारा करायचा तर जागा लागते, आमच्याकडे ती चैनच नव्हती. पोटमाळ्यावर आजीची ट्रंक आणि गणपतीचं मखर, बस्स. गोधड्यांची चळत हीच आमची बैठक, पाहुणा आला की त्यावर.

मजा पुढे आहे. वरळीतल्या आमच्या पहिल्या लोकांना २०२५च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांचे फ्लॅट. माझा चुलतभाऊ गेला राहायला. आता जाऊन बघा. आयुष्यभर ज्याने एक खुर्ची जास्तीची घेतली नाही, त्याच्या घरात चार महिन्यांत दोन सोफे, एक शोकेस आणि व्यायामाची सायकल, जिच्यावर टॉवेल वाळतात. जागा आली की वस्तू आपसूक येतात.

शेवंती | ६ मे, रात्री १०:२०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. सासूबाई (६४) काहीच टाकू देत नाहीत. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून, रबरं, दोरे, शिळ्या पोळ्या वाळवून डब्यात. गहू-तांदूळ तर असे भरतात की दुकान वाटावं. मागच्या वर्षी सोंडे पडलेले चाळीस किलो गहू निघाले. मी टाकले तर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

मग नणंदेने सांगितलं. त्या माणदेशातल्या. १९७२च्या दुष्काळात दहा-अकरा वर्षांच्या होत्या, आईवडिलांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या आणि सुकडीवर दिवस काढायचे. हे त्यांनी मला बारा वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. आता गव्हाच्या कोठीकडे बघून मला राग येत नाही, पण सोंडे तर आहेतच ना. काय करू?

चिंचगुळ | ६ मे, रात्री ११:०२

शेवंती, कोठी रिकामी करायला जाऊ नकोस. लहान करून बघ. पन्नास किलोची कोठी असेल तर वीसची आण, आणि ती कायम काठोकाठ भरलेली ठेव. त्यांना भरलेली कोठी हवी आहे, पन्नास किलो नकोत.

मनकवडी | ७ मे, सकाळी ९:४५

शेवंती, मी समुपदेशन करते, पण इथे बसून निदान करणार नाही. एवढंच सांगते की साठवण्याचा एक खरोखरचा आजार असतो. २०१३पासून मानसोपचाराच्या पुस्तकात त्याला स्वतंत्र नाव आहे, आधी तो मंत्रचळेपणाचाच एक प्रकार धरत. तुमच्या सासूबाईंना तो असेलच असं नाही. काटकसर आणि आजार यांत मी घरच्यांना साधी विचारणा करते: ओट्यावर स्वयंपाक करता येतो का? पलंगावर झोपता येतं का? दारातून सरळ आत येता येतं का? या तिन्हींना "हो" असेल तर सहसा ती सवय असते, आणि सवयीशी जमवून घेता येतं. "नाही" असेल तर डॉक्टरांकडे न्या.

दोन्ही बाबतींत, त्यांच्या नकळत टाकू नका. घर महिनाभर स्वच्छ दिसतं, मग दुपटीने भरतं. आणि तुमच्यावरचा विश्वास गेला तो गेलाच.

खडूस_काका | ७ मे, सकाळी १०:००

दारातून सरळ आत येता येतं का... आमच्या बेडरूममध्ये तिरकं यावं लागतं. दिवाळी अंक आहेत. १९७८पासूनचे. एकतीस खोकी. हे आजार की सवय?

चिंचगुळ | ७ मे, सकाळी १०:०४

काका!!! आणि दुसऱ्याला टेम्पो बोलवायला सांगताय!

खडूस_काका | ७ मे, सकाळी १०:११

दुसऱ्याच्या घरी टेम्पो बोलवणं सोपं असतं.

कागदोपत्री | ७ मे, दुपारी ४:३०

चाळीस वर्षांचे कागद म्हणजे माझा विषय. बँकेत होतो, आता निवृत्त.

सोसायटीचं मूळ भागपत्र, घराचा मूळ करारनामा, नोंदणीची पावती, वडिलांचा मृत्यूदाखला हे एका वेगळ्या फाइलमध्ये आजच्या आज काढून स्वतःच्या घरी नेऊन ठेवा. पुनर्विकासात याच कागदांवर सगळं अवलंबून असतं आणि आवराआवरीत हेच रद्दीत जातात. मी हे दोनदा घडलेलं पाहिलंय.

१९९१ची विजेची बिलं खुशाल द्या. शेवटचं वर्ष ठेवलं तरी पुष्कळ.

रद्दी देण्याआधी प्रत्येक पाकीट उघडून बघा. त्या काळच्या माणसांनी कंपन्यांचे दहा-वीस शेअर घेतलेले असायचे, आणि ती प्रमाणपत्रं दिसायला लग्नपत्रिकेसारखी असतात. १ एप्रिल २०१९पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकून हस्तांतरित करता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर करून डीमॅटमध्ये घेता येतात. सात वर्षं लागोपाठ लाभांश कुणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. तिथूनही अर्ज करून परत मिळतात, वेळ लागतो इतकंच. जुनी पासबुकं सापडली तर रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, २०२३मध्ये सुरू झालेलं. दहा वर्षं न हललेली खाती त्यावर नावाने शोधता येतात.

आणि साड्यांच्या घड्या झटका. पैसे तिथेच असतात.

पारिजातक_ठाणे | ९ मे, रात्री ११:१५

कागदोपत्री, तुमच्या तोंडात साखर पडो की आणखी काय म्हणू. साडीची घडी झटकली आणि सात नोटा पडल्या. पाचशेच्या, जुन्या. आईने २०१६मध्ये बाबांपासून लपवून ठेवल्या होत्या आणि नोटाबंदी झाली तेव्हा सांगायची चोरी. साडेतीन हजार. "मी रोज म्हणायचे उद्या सांगीन," म्हणाली. मग ३० डिसेंबर उलटून गेला. आम्ही दोघी इतक्या हसलो की खालच्या काकू वर आल्या. आता या ठेवायच्या की गुन्हा होतो?

बाकी चिंचगुळच्या सल्ल्याने औषधांचा डबा आणि चपला झाल्या. दोन पिशव्या खाली गेल्या, त्यातली एक आईने वॉचमनकडून परत आणली. पण एक गेली!

कागदोपत्री | १० मे, सकाळी ८:००

दहापर्यंत नोटा बाळगायला २०१७च्या कायद्यात मुभा आहे. सात आहेत ना, फ्रेम करा.

गिरणगावचा | १० मे, दुपारी १२:४०

अवांतर: जुन्या साड्यांवरून आठवलं, बोहारीण कुणाकडे येते का अजून? आमच्या चाळीत दुपारी तीनला हाळी यायची. आईचा आणि तिचा सामना बघायला अख्खा मजला जमायचा. चार पँटी, दोन शर्ट आणि एक जरीची साडी टाकूनही ती एवढीशी वाटी काढायची. आई "उठा, नाही द्यायचं" म्हणायची. ती टोपली डोक्यावर घेऊन जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. मग पातेलं. मग पातेल्याला झाकण. आई शेवटी एक चमचा जास्त मागून घ्यायचीच. डिक्लटरिंग म्हणतात ते आमच्याकडे असं व्हायचं, आणि घरात वस्तू तेवढ्याच राहायच्या.

शेवंती | १० मे, दुपारी १:०५

"मग पातेल्याला झाकण" 😄 आमच्या आईचंही हेच. बाबांची चांगली पँट गेली होती त्यात एकदा. ते शोधत राहिले आणि आई त्यांना नव्या पातेल्यातून चहा देत राहिली.

पारिजातक_ठाणे | १३ मे, रात्री १:२०

झोप येत नाहीये.

रविवारी आई दुपारी आडवी झाली होती. भंगारवाला खाली आला होता, म्हणून मी भराभर लोखंडी सामान काढलं. मोडका पंखा, स्टोव्ह, खिळे, आणि बाबांचा डबा. डालडाचा जुना पत्र्याचा डबा होता, पिवळा, ताडाच्या झाडाचं चित्र निम्मं उडालेलं. त्यात नट, बोल्ट, वायसर, सायकलचे व्हॉल्व्ह, फ्यूजची तार, घड्याळाची काचसुद्धा होती एक. चार किलो भरला. शंभर रुपये आले. मला तेव्हा काही वाटलं नाही, उलट एक कोपरा मोकळा झाला म्हणून बरंच वाटलं.

संध्याकाळी आईने सहज विचारलं, "ह्यांचा डबा कुठे ठेवलास?"

मी सांगितलं. ती काही बोलली नाही. वरणाला फोडणी घालत होती, ती घातली. मला वाढलं. स्वतः दहीभात खाल्ला. काल दिवसभर ती माझ्याशी नीट बोलते आहे, अगदी नीट, पाहुण्यांशी बोलतात तसं.

मी रडत नाहीये वगैरे. पण मी काय केलं ते मला कळलंय.

सीमोल्लंघन | १३ मे, सकाळी ६:३०

अगं... भंगारवाला ओळखीचा आहे ना? आज जा. आत्ता जा.

माईआजी | १३ मे, सकाळी ११:५०

मी ७४ वर्षांची आहे. नातीने टाइप करायला शिकवलंय, चुका होतील.

गेल्या वर्षी माझ्या मुलांनी माझं घर आवरलं. मला चार दिवस मुलीकडे पाठवलं आणि मागे सगळं केलं. मला आनंदाचा धक्का द्यायचा होता त्यांना. परत आले तर घर हॉटेलसारखं चकचकीत. मी छान म्हटलं. मुलं वाईट नाहीत माझी, चार दिवस राबली होती.

रात्री पाणी प्यायला उठले. अंधारात हात नेहमीच्या जागी गेला तर तिथे फुलपात्र नव्हतं. दिवा लावला. माझ्याच स्वयंपाकघरात मी उभी, आणि पाणी कशात प्यावं ते मला सापडेना. नवीन काचेचे ग्लास वरच्या फळीवर, तिथे माझा हात पोचत नाही. ओंजळीने प्यायले.

वस्तू गेल्या त्याचं मला फार नाही. विचारलं असतं तर निम्म्या मीच दिल्या असत्या. मोठं पातेलं कामवालीच्या मुलीच्या लग्नाला द्यायचं मनात होतं, मी तिला तसं बोललेही होते. ते कुठे गेलं कुणास ठाऊक. आता ती मुलगी समोर आली की मला कसंतरी होतं.

पारिजातक, तुम्ही आईला खुर्ची द्या बसायला. वस्तू तिच्या हातात द्या. ती बोलेल तेवढं बोलू द्या, दर वस्तूला गोष्ट असते आणि ती गोष्ट संपेपर्यंत वस्तू सुटत नाही. वेळ लागेल. चहा करत राहा. आणि डब्याचं म्हणाल तर आधी तिच्यापाशी जाऊन चुकले म्हणा, मग भंगारवाल्याकडे जा. उलटं करू नका.

खडूस_काका | १३ मे, दुपारी १२:१५

माईआजी, नमस्कार. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. टेम्पोचे शब्द मागे घेतो.

पारिजातक_ठाणे | १४ मे, रात्री १०:०५

माईआजी, तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने केलं.

भंगारवाल्याकडे गेले. आतलं सामान त्याने त्याच दिवशी ढिगात ओतलं होतं. ढीग कमरेएवढा, सगळेच नट-बोल्ट, त्यातले आपले कुठले? डबा मात्र होता. त्याने त्यात वजनाची मापं ठेवली होती. पन्नास रुपये घेतले. मला घासाघीस करावीशी वाटली नाही.

आईने डबा दोन्ही हातांनी घेतला, जड असणार म्हणून जोर लावून. तो एकदम वर उचलला गेला. "रिकामा आहे होय," म्हणाली आणि खिडकीत ठेवला. एवढंच.

उद्यापासून खुर्ची.

चिंचगुळ | १५ मे, सकाळी ९:००

❤

खडूस_काका | १७ मे, सायंकाळी ५:४०

इथे जरा बाजू बदलून बोलतो, कारण हा धागा आता वस्तू ठेवण्याच्या बाजूने फारच झुकलाय. आमच्या पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघरचे दिवे, अडकित्ते, जाती, समया अशा वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या आणि १९७५मध्ये राज्य सरकारच्या हवाली केल्या. त्याचं संग्रहालय आहे. आता प्रत्येकालाच वाटतं की आपला अडकित्ताही त्याच तोलाचा. नसतो तो. माझी एकतीस खोकी उद्या माझा मुलगा किलोवर घालणार हे मला स्वच्छ दिसतंय. मग मीच का घालू नये? निदान कुठला अंक कुणाला ते तरी मी ठरवीन.

काल पहिलं खोकं उघडलं. बायको दारात उभी होती, विश्वास बसत नव्हता तिचा. मुलांच्या लहानपणचे 'किशोर' मासिकाचे अंक वेगळे काढले. १९७१पासूनचे अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेत, म्हणजे आमची प्रत गेली तरी नातवाचं अडत नाही. ते पहिले दिले, शेजारच्या पोराला. दोन ग्रंथालयांना फोन केला. एकाने नको म्हटलं, दुसऱ्याने १९९०च्या आधीच्या अंकांची यादी मागितलीय. यादी करतोय. खोकं दुसरं. दर अंकातली एक तरी कथा वाचल्याशिवाय यादीत नाव जात नाही, त्यामुळे २०३०पर्यंत होईल काम.

शेवंती | १८ मे, रात्री ९:३०

वीस किलोची कोठी आणली. काठोकाठ. सासूबाईंनी झाकण उघडून हात आत घालून बघितला, आणि काही बोलल्या नाहीत. जुनी कोठी मी काढली नाहीये, रिकामीच उभी आहे शेजारी. असू दे.

पारिजातक_ठाणे | २६ मे, रात्री ११:३०

सविस्तर लिहायला आज वेळ मिळाला.

खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात. आई बसते, मी एकेक वस्तू हातात देते. पहिल्या दिवशी तीन तासांत फक्त अकरा वस्तू झाल्या. मी हिशेब केला, या वेगाने नवीन इमारत उभी राहील तरी आमचं संपायचं नाही. दुसऱ्या दिवशी तीस. चौथ्या दिवशी ती मलाच म्हणाली, "किती वेळ लावतेस, दे पटापट."

नाव घातलेली भांडी सगळ्यात अवघड जातील असं मला वाटलं होतं. एका तांब्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं, "आत्याकडून सप्रेम भेट, ता. १२-५-७४". आईबाबांच्या लग्नाची तारीख. आई सांगायला लागली की तेव्हा रेल्वेचा संप चालू होता, तो मोठा, मे महिन्यातला. बाबा संपावर. नवरा मुलगा बोहल्यावर उभा आणि पगार बंद. गाड्याच नाहीत म्हणून अर्धं वऱ्हाड एसटीने आलं, अर्धं आलंच नाही. जे आले नाहीत त्यांचे लाडू पुढे आठ दिवस पुरले, संपकऱ्यांच्या घरी वाटले. मी पन्नास वर्षांची बाई, हे मला आज कळतंय. आणि गोष्ट सांगून झाल्यावर तिने तांब्या माझ्या हातात दिला. "हा भाचीला दे, तिच्या आजीनेच दिला होता." संपलं. मला वाटलं होतं हा तांब्या ती सोडणारच नाही.

याच्या उलट, एक फाटका टॉवेल आहे, त्यावर आम्ही पाऊण तास भांडलो. तो ठाण्याला येतोय.

बंब पुतण्याच्या गावच्या घरी गेला, तिथे चुलीला लाकूड आहे अजून. घंगाळ माझं. सहा गाद्यांतल्या चार पिंजारून दोन केल्या, बाकी दोन वॉचमनने मागितल्या. मऊ सुती साड्यांच्या गोधड्या करायला दिल्या, शिवणारी बाई आधी म्हणाली पावसाळ्यानंतर, मग आईशी बोलून तयार झाली. भावाला पाच वस्तूंचा आकडा दिला. सीमोल्लंघन, तुमचं खरं ठरलं. त्याने दोन दिवस विचार केला आणि एकच मागितली: बाबांची डब्याची पिशवी, जी ते रोज लोकलला न्यायचे. तेलाचे डाग आहेत तिच्यावर. दोनशे ग्रॅमसुद्धा नसेल.

आणि मधेच, घर रिकामं करायला वीस दिवस उरलेले असताना, आईने सात किलो कैऱ्या आणल्या. मी कपाळाला हात लावला. बरण्या बांधून झाल्यात, आता लोणचं कशात घालणार? ती म्हणाली, "डबे आहेत ना." श्रीखंडाचे! इमारतीतली सोळा बिऱ्हाडं, समोरच्या चाळीतल्या तिच्या जुन्या विद्यार्थिनी, भाजीवाली, इस्त्रीवाला, सगळ्यांना एकेक डबा लोणचं. सगळीच पांगणार आता, कुणी बदलापूर, कुणी दिवा. दारोदार मी डबे पोचवले आणि प्रत्येक घरी पंधरा मिनिटं बसले. चाळीस डबे गेले. त्या घरांमधूनही कुणी ना कुणी मला काही ना काही देत होतं, "तुमच्या आईने दिलेली वाटी राहिली होती" म्हणत. अकरा वाट्या परत आल्या. आता त्यांचं काय करू?

गिरणगावचा | २७ मे, सकाळी ८:२०

चाळीस गेले म्हणजे चोवीस डबे आणि एकतीस झाकणं उरली. सात अजूनही जास्तच.

माईआजी | २७ मे, दुपारी ३:१०

वाट्या तशाच ठेवा. नवीन ठिकाणी शेजार जोडायला लागतील. तुमच्या आईला नमस्कार सांगा. आणि लोणच्यात मेथ्या तळून घालतात की भाजून, तेवढं विचारा.

पारिजातक_ठाणे | ११ जून, रात्री १०:४५

माईआजी, तळून. पण "तेल अगदी कमी" असा निरोप आहे.

आज किल्ली दिली. पाऊस सुरू व्हायच्या आत झालं. रिकाम्या घरात आवाज घुमत होता. आईने देवाच्या कोनाड्यात शेवटचा दिवा लावला, तो विझेपर्यंत आम्ही जमिनीवर बसलो. मग ती उठली आणि म्हणाली, "चला, ठाण्याला पाणी सातला जातं ना?"

लेकीच्या खोलीत दोन ट्रंका, एक खुर्ची (तीच), घंगाळ आणि फाटका टॉवेल. अल्बमची ट्रंक अजून उघडलेली नाही. डालडाचा डबा बाल्कनीत. त्यात काय ठेवायचं हे आईने ठरवलेलं नाही आणि मी विचारत नाही.

परवा आमच्या सिंकचा नळ गळायला लागला. प्लंबर आला, म्हणाला वायसर गेलाय, अर्ध्या इंचाचा आहे का घरात? मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे. "होते तसले वीसेक," ती म्हणाली, आणि हसली. हसली म्हणून लिहितेय.

एक राहिलंच. पाटा-वरवंटा कुणीच नेला नाही. वॉचमनच्या केबिनमागे ठेवलाय, बिल्डरची माणसं १५ तारखेपर्यंत हलवणार नाहीत. काळा दगड, टाकी लावून घ्यावा लागेल. डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून दहा मिनिटं. कुणाला हवा असेल तर फुकट, फक्त स्वतः उचलून न्यावा लागेल.

खडूस_काका | ११ जून, रात्री १०:५८

किती किलो भरेल?

चिंचगुळ | ११ जून, रात्री ११:००

काका, तुमची खोकी आधी.

खडूस_काका | ११ जून, रात्री ११:०६

सहा खोकी गेली. बेडरूममध्ये आता सरळ येता येतं. तेवढी जागा झालीये म्हणूनच विचारतोय. बायकोला ठेचा पाट्यावरचाच लागतो, असं ती चाळीस वर्षं म्हणतेय. रविवारी येतो. वरवंटाही आहे ना बरोबर?